हिवाळ्यातले आजोबा

माझ्या आजोबांना मी हिवाळ्यात कधी पाहिले नाही. माझे आजोबा मे महिन्यातले. उघडे अंग, खांद्यावर पंचा, हातात आंबे उतरवायचा झेला आणि तोंडाने आम्हा पोरांच्या नावाने चाललेला ओरडा, एवढीच त्यांची मूर्ती माझ्या डोळ्यांपुढे आहे. डिसेंबरात देवरुखजवळच्या त्या खेड्यात ते कानाला मफलर गुंडाळीत की नाही, पहाटे अंगणात शेकोटी पेटवीत की नाही, यातले मला काहीएक ठाऊक नाही. नाताळची सुट्टी आठ दिवसांची. त्यातला एक दिवस जाण्यात मोडायचा आणि एक येण्यात. भाड्याचे पैसे निराळेच. वडिलांना त्यांच्या पेढीवर पंचवीस तारखेची एक रजा मिळाली तर मिळायची. तेव्हा आजोबांना मेपर्यंत तसेच राहू द्यावे, असा घरचा रिवाज होता.

हे सारे मी विसरून गेलो होतो. गेल्या नाताळात माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने जेवता जेवता मला विचारले, "आजोबा, तुम्ही उन्हाळ्यात कुठे असता?"

"कुठे म्हणजे? इथेच, मुलुंडला."

त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही. त्याचेही खोटे नाही. मे महिन्यात त्याचे पोहण्याचे वर्ग असतात, चित्रकलेचे शिबिर असते, आणि सुट्टी पुण्यातल्या पुण्यातच संपते. तो आणि त्याची बंगळूरची आतेबहीण आमच्याकडे राहायला येतात ती नाताळात. सौ.ला हसू आवरेना. मला मात्र त्या रात्री लवकर झोप लागली नाही. दोन पिढ्यांत आजोबांचा ऋतूच बदलला, हे झाले कसे? मी जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली. पण जुने कागद वाचायचा नाद तिथेच लागला, आणि २०१० साली निवृत्त झाल्यापासून वेळेला काही तोटा नाही. तेव्हा या प्रश्नाच्या मागे लागलो.

प्रथम ध्यानात आले ते हे, की मुंबई हे म्हातारे होण्याचे गाव कधी नव्हतेच. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबई शहरातली शंभरांतली चौऱ्यांशी माणसे शहराबाहेर जन्मलेली होती, आणि हजार पुरुषांमागे बायका होत्या सुमारे सव्वापाचशे. म्हणजे निम्म्या शहराचे बिऱ्हाड गावी आणि स्वतः तो खानावळीत. या माणसांचा सर्वांत मोठा पुरवठा आमच्या रत्नागिरी जिल्ह्याने केला. हात चालत होते तोवर मुंबई. हात थांबले की वळकटी बांधायची आणि गावाकडे जायचे. जागाही बहुधा नोकरीच्या जोरावर मिळालेली किंवा भाड्याची असायची. म्हातारा गेला की ती मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या ताब्यात जायची.

कोणी म्हणेल, त्या काळी माणसे म्हातारी होईपर्यंत जगतच कुठे होती? स्वातंत्र्याच्या सुमारास हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, हे खरे. पण त्या आकड्याने फसू नये. तान्ही मुले पटापट दगावत, म्हणून सरासरी इतकी खाली यायची. लहानपणातून जो वाचला तो साठी-सत्तरी गाठत असे. पण ती तो गाठायचा गावी.

याचा पुरावा माझ्या स्वतःच्या आठवणीत आहे. २२ जानेवारी १९६२ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांवर उतरला होता. मुंबईत त्याहून कमी तपमानाची नोंद अजून झालेली नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि आम्ही गिरगावात एका चाळीत राहत होतो. त्या थंडीत आमच्या मजल्यावरची सगळी पोरे एका खोलीत जमली होती, कारण त्या खोलीत एक आजी होती आणि आजीपाशी शेगडी होती. बारा बिऱ्हाडांच्या मजल्यावर ती एकच आजी. आजोबा तर एकही नव्हता. आम्हाला त्यात नवल वाटले नाही. आजोबा ही गावाला ठेवायची वस्तू आहे, अशीच आमची समजूत होती.

निवृत्त माणसाला शहरात राहायचे तर दोन गोष्टी हव्यात: महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा आणि कोणी बाहेर काढणार नाही असे घर.

पैशाचे आधी पाहू. 'पेन्शन' हा शब्द महाराष्ट्रात घरोघर गेला तो माझ्या मते दुसऱ्या बाजीरावामुळे. १८१८ च्या जूनमध्ये त्याने माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि वर्षाला आठ लाख रुपये ठरवून घेऊन तो गंगाकाठी ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. माल्कमने आकडा फार मोठा कबूल केला, अशी कुरकुर वरिष्ठांनी तेव्हाच केली होती. पेशवा त्यानंतर तेहेतीस वर्षे जगला! १८५१ च्या जानेवारीत तो वारला तेव्हा कंपनीच्या हिशेबनिसांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. पुढे दत्तकपुत्र नानासाहेबाला पेन्शन नाकारली आणि त्याचे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सांगायचे एवढेच, की पेन्शन ही देणाऱ्याची मेहेरबानी आहे आणि घेणाऱ्याने फार दिवस जगू नये, ही जी एक भावना या व्यवहाराला चिकटली, ती फार जुनी आहे.

सरकारी नोकरांना पेन्शन इंग्रजांच्या काळापासून होती. रेल्वेच्या नोकरांना मात्र ती मिळाली १९५७ साली. त्याआधी त्यांचा सारा भरवसा प्रॉव्हिडंट फंडाच्या एकरकमी पैशावर. विधवेला मिळणारे कुटुंब-निवृत्तिवेतन केंद्र सरकारने रीतसर सुरू केले १९६४ मध्ये. आणि खासगी पेढीवरच्या माझ्या वडिलांसारख्या माणसाला यातले काहीच लागू नव्हते.

मेहेरबानीची ती भावना कायद्यापुरती तरी पुसली गेली १७ डिसेंबर १९८२ रोजी. नकारा नावाचे संरक्षण खात्यातले एक वित्तीय सल्लागार १९७२ साली निवृत्त झाले होते. सरकारने पुढे पेन्शन मोजण्याची पद्धत उदार केली, पण ती लागू केली ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. आदल्या दिवशी निवृत्त झालेला माणूस कोरडाच. एका तारखेची रेघ मारून म्हाताऱ्यांचे असे दोन वर्ग करता येतात काय, हा प्रश्न घेऊन नकारा सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींपुढे तो चालला आणि न्यायमूर्ती देसाईंनी निकाल लिहिला. पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची खिरापत नसून केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे, आणि म्हाताऱ्यांत असा भेद करता येणार नाही, असा त्याचा सारांश. तेव्हापासून १७ डिसेंबर हा निवृत्तांचा दिवस मानतात. आम्ही त्या दिवशी घरात गोडाचा शिरा करतो. खरे तर तो खटला केंद्र सरकारच्या निवृत्तांचा होता आणि मी राज्य सरकारचा. पण शिऱ्याला एवढा काटेकोरपणा चालत नाही.

हक्क झाला तरी हयातीचा दाखला चुकत नाही. दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. पूर्वी साहेबापुढे उभे राहून सही केली की भागे. २०१४ पासून यंत्रावर अंगठा ठेवून दाखला मिळण्याची सोय झाली. सोय खरोखर चांगली आहे. पण सौ.चा अंगठा उमटेना. ती महापालिकेच्या शाळेत तेहेतीस वर्षे शिक्षिका होती, आणि घरी कणीक मळणे, भांडी घासणे चालूच. त्यात अंगठ्याच्या रेघा झिजून गेल्या असाव्यात. एकदा, दोनदा, तीनदा यंत्राने नकार दिला. माझा अंगठा पहिल्याच दमात उमटला. "अहो, तुमचा उमटणारच," ती म्हणाली, "त्याने कधी काही केलंय काय?" शेवटी डोळ्याचा ठसा घेऊन ती जिवंत ठरली.

आता घराची गोष्ट. मुंबईत सहकारी तत्त्वावर घरे बांधण्याचा पाया घातला श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी. गावदेवीची त्यांची सारस्वत गृहसंस्था १९१५ सालची. उपनगरांची वाढ त्याच सुमाराची. १८९६ च्या प्लेगने शहर भेदरले होते आणि लोक मोकळ्या हवेच्या शोधात होते. आमच्या मुलुंडला, पश्चिमेच्या बाजूस, झवेरभाई रामजी यांच्या जमिनीवर क्राउन आणि कार्टर या वास्तुशिल्पींनी १९२२ साली आखणी केली: सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे दुसरे रस्ते, आणि पाच रस्ते जिथे मिळतात तो नाका. आजही मुलुंड पश्चिमेला परका माणूस सहसा चुकत नाही, याचे श्रेय त्या कागदाला आहे. आमची पूर्वेची बाजू खाडीकडची, मिठागरांची. अंधेरी-घाटकोपर १९५० साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले, मुलुंड-बोरिवली १९५७ साली. पुढे १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आला, १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला, आणि भाडेकरू म्हणून जन्मलेला मुंबईचा मध्यमवर्ग हळूहळू घरमालक होऊ लागला.

वडिलांच्या वेळेला मात्र हे जमले नाही. ते १९७३ साली निवृत्त झाले. फंडाच्या पैशातले निम्मे बहिणीच्या लग्नाला गेले. गिरगावची खोली काकांच्या संसाराला लागली, आणि आईला घेऊन वडील गावी परतले, जसे त्यांचे वडील परतले होते. आम्ही १९७८ साली सरकारी कर्ज काढून मुलुंड पूर्वेला दोन खोल्या घेतल्या. तीन मजली इमारत, जिना चढून जायचे, पण दारावर आमचे नाव. वडिलांना मी पत्र घातले, "आता इकडे या." त्यांचे उत्तर आले की पावसाळा संपला की बघू. असे तीन पावसाळे संपले. १९८१ च्या जानेवारीत तार आली. रात्रीच्या एस.टी.ने निघालो. घाटात गाडी दोन तास अडली. मी पोहोचलो तेव्हा अंगणात लोक जमले होते आणि ओटीवर कंदील तसाच जळत होता. दिवस उजाडला होता तरी तो कोणी विझवला नव्हता.

त्या थंडीत मी प्रथमच हिवाळ्यातले आमचे गाव पाहिले. अंगणात खरोखरच शेकोटीची राख होती.

आईला मी बरोबर घेऊन आलो. आमच्या घराण्यात मुंबईत म्हातारे झालेले पहिले माणूस म्हणजे ती. आणि नवरा-बायको दोघे मिळून इथे म्हातारे होण्याचा पहिला मान आमचा. दोघेजण गॅलरीत सकाळचे ऊन खात बसलेले आहेत, एक वर्तमानपत्र वाचतो आहे आणि दुसरी वालपापडीच्या शेंगा निवडते आहे, नातवंडे यायची वाट पाहते आहे, हे दृश्य आता उपनगरात घरोघर दिसते. पाहणाऱ्याला वाटते, हे असेच चालत आले असेल. आमच्या घरात त्याला अजून वीस वर्षेही झालेली नाहीत.

नाताळच्या त्या आठ दिवसांचे सौ.चे वेळापत्रक ठरलेले असते. वीस तारखेला डिंकाचे लाडू. मग ओले हरभरे, तुरीच्या शेंगा, लसणीची पात. शेजारच्या कच्छी बाईंकडून थंडीत अडदियाचा डबा येतो. संक्रांतीला आमचा तिळगूळ तिकडे जातो. अंधेरीजवळ मरोळ गावठाणात माझा कचेरीतला जुना सोबती राहतो, तो ईस्ट इंडियन; त्याच्याकडून नेवऱ्या येतात. या लोकांचे नाव परके वाटते, पण घरची बोली मराठीच. कंपनीच्या नोकरीत पूर्वापार असलेले आपण इथलेच, बाहेरून आलेल्यांनी आपल्याला मागे सारू नये, म्हणून त्यांनी १८८७ साली हे नाव रीतसर धारण केले. आणि 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीज. १५३४ च्या तहाने ही साष्टी, म्हणजे सहासष्ट गावे, पोर्तुगिजांकडे गेली; १७३७ च्या स्वारीने मराठ्यांनी ती परत मिळवली; पुढे इंग्रज आले. सण पोर्तुगीज नावाचा, सुट्टी इंग्रजांच्या कचेरीची, आणि तीत लाडू डिंकाचे! या उपनगरात एका डब्यात किती राज्ये बसतात पाहा.

या सुट्टीत माझा दिवस हलका असतो आणि तिचा दुप्पट होतो. नातीने एकदा विचारले, "आजी, तू पण रिटायर झालीस ना?" सौ. म्हणाली, "शाळेतून झाले." चंद्रचूडांच्या न्यायालयापुढे हा दावा अजून कोणी नेलेला नाही. मी तेव्हापासून सकाळचा चहा आणि रात्रीची ओटा-सफाई अंगावर घेतली आहे. ओटा तिच्या पसंतीला अजून उतरत नाही.

गेल्या डिसेंबरात मात्र आमच्या आठ दिवसांवर एका कागदाची छाया होती. इमारत पाडून नवी बांधायची, तिचा पुनर्विकास करायचा, असा विषय वर्षभर चालला होता. सभासदांची सभा रविवारी, २८ तारखेला होती. (१७७४ साली याच तारखेला इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी आपल्या हातून गेली. मी हे सभेत सांगितले. कोणाला त्याचे काही वाटले नाही.) इमारत सत्तेचाळीस वर्षांची, छतातून गळणारी, जिना चढताना माझे गुडघे बोलतात, नव्या इमारतीत लिफ्ट असणार. हे सगळे मला कळत होते. पण तीन वर्षे दुसरीकडे राहायचे, आणि तीनची चार होणार नाहीत याची हमी कोण देणार? चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस वर्षे अशी उसनी देत नाही.

मी सौ.ला म्हणालो, "अगं, त्यापेक्षा तीन वर्षे गावी जाऊन राहू. घर आहे, विहीर आहे. आता कोकण रेल्वेही आहे."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, तुमचे वडीलही थोडे दिवस म्हणूनच राहिले होते. आणि पोरं आठ दिवसांसाठी तिकडे येतील का? तुम्ही गेला होतात का कधी?"

यावर मला उत्तर नव्हते. सभेत आम्ही दोघांनी सह्या केल्या. अट एकच घातली, भाड्याची जागा मुलुंड पूर्वेलाच मिळावी. तळमजल्यावरचे ब्याऐंशी वर्षांचे शेजारी सही करताना म्हणाले, "मी काही नवं घर बघत नाही." कोणी त्यांची समजूत घातली, कोणी विषय बदलला. मला वाटते, त्यांचे म्हणणे नुसते ऐकून घ्यायला हवे होते.

तीस तारखेला आम्ही मुलांना घेऊन खाडीवर ऐरोलीला गेलो. ठाणे खाडीच्या या भागाला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केले, आणि २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिचे नाव गेले. ओहोटीच्या चिखलात गुलाबी पाखरे चोची उलट्या घालून काहीबाही गाळून खात होती. यांतली पुष्कळ कच्छच्या रणातून येतात. "म्हणजे आपल्या शेजारच्या आजींच्या गावची?" नातीने विचारले. हो म्हटले. नातू मोजत राहिला. दोनशे चाळीसच्या पुढे त्याचा हिशेब चुकला आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. सौ. मफलर गुंडाळून नावेच्या कडेला बसली होती.

आम्ही मार्चमध्ये सामान हलवले. नवी जागा दोन गल्ल्या पलीकडे आहे, लिफ्ट आहे, पण एक खोली कमी. जुन्या इमारतीच्या जागी आता पत्र्याचे कुंपण आहे, आणि आत यंत्राचा आवाज. तळमजल्याचे शेजारी मुलीकडे डोंबिवलीला गेले, दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि ते प्रथम विचारतात, "किती वर आलं?"

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. नाताळात सगळ्यांनी झोपायचे कुठे, हा त्याचा प्रश्न होता. सौ.ने उत्तर तयार ठेवले होते. बाहेरच्या खोलीत तीन गाद्या, आत दोन. रजया पुरतात, उशा दोन कमी पडतात. त्या भरायला टाकायच्या म्हणून ती आज सकाळी जुना कापूस उन्हात घालून बसली आहे, आणि हे लिहून झाले की मला खोळी आणायला जायचे आहे.